दक्षिण टस्कनीतले गरम पाण्याचे झरे, दगडी गावं आणि गाडी कुठे लावायची

पाणवठा (धागालेखक)
इटलीतल्या गरम झऱ्यांबद्दल इथे बरंच लिहून झालंय, पण तुकड्यातुकड्यात. म्हणून फक्त रोमच्या उत्तरेकडच्या पट्ट्यापुरता हा धागा: वाल द'ओर्चा, आमियाता डोंगर, मारेम्मा आणि वितेर्बो. फ्लोरेन्स-व्हेनिसचे प्रश्न कृपया इथे नकोत.

झरा म्हटला की उतरून डुंबायचं, असं धरून निघालात तर पहिल्याच गावात हिरमोड होईल. ते गाव बान्यो विन्योनी. एरवी इटालियन गावात जिथे चौक असतो तिथे इथे अख्खं कुंड आहे, ४९ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद. पाणी साधारण ५० अंशाचं. हिवाळ्यात पहाटे वाफेत पलीकडची घरं दिसत नाहीत. पण या कुंडात उतरायला पूर्ण बंदी आहे, काठावर बसून पाय सोडायलासुद्धा. पाय बुडवायचे तर कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या मागे जा. ते दगडी पाटांतून कड्याच्या टोकापर्यंत जातं. तिथे खडकात कोरलेल्या जुन्या पाणचक्क्या आहेत (पार्को देई मुलिनी). तिकीट नाही. पाटातलं पाणी तोवर कोमट झालेलं असतं.

डुंबायचं असेल तर बान्यी सान फिलिप्पो, तिथून वीसेक मिनिटांवर. गावातून पायवाटेने झाडीत उतरलं की फोस्सो बियांको, म्हणजे पांढरा ओढा, लागतो. उगमाला पाणी ४८ अंशांपर्यंत असतं आणि खाली येत येत निवतं. त्यामुळे कुठल्या डबक्यात बसायचं हे हात घालून ठरवायचं. पांढऱ्या क्षाराचा मोठा थर आहे, त्याला 'बालेना बियांका', म्हणजे पांढरा देवमासा, म्हणतात. त्यावर फोटोसाठी चढू नका. कवच ठिसूळ असतं, मोडलं की पुन्हा धरायला वर्षं जातात.

तिसरं सातुर्निया. फोटोत दिसतात ती निळसर पायऱ्यापायऱ्यांची कुंडं म्हणजे 'कास्काते देल मुलिनो'. चोवीस तास उघडी आणि फुकट, पार्किंगला मात्र पैसे. पाणी ३७.५ अंश, उन्हाळा-हिवाळा तेवढंच. सेकंदाला काही शे लिटर वाहत असल्यामुळे वरच्या आणि खालच्या कुंडात फारसा फरक पडत नाही. जवळच सशुल्क स्पा आहे, ते वेगळं प्रकरण. नावं सारखी असल्यामुळे नकाशावर लोक स्पाच्या फाटकाशी पोचतात. जीपीएसमध्ये 'कास्काते देल मुलिनो' असंच टाका.

बाकीचं प्रतिसादांत.

खारे_शेंगदाणे
छान. एक भर: सान फिलिप्पोला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. गरम झरा ओढ्याच्याच पात्रात उतरतो. पाऊस झाला की ओढ्याचं गार, गढूळ पाणी वाढतं, दगड रचून केलेले बांध वाहून जातात आणि खालची सगळी डबकी थंडगार होतात. सातुर्नियाला सरीने काही होत नाही, पण जोराच्या पावसात तिथेही शेजारची नदी फुगते.

जुलै-ऑगस्टला दुपारी दोन्हीकडे जाण्यात अर्थ नाही. बाहेर ३५ अंश आणि पाणी ३७, म्हणजे घामातच आंघोळ. शिवाय गर्दी. सकाळी सातच्या आत पोचा. मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा मार्च, आठवड्यातला मधला वार.

गोधडी
गाडी न चालवता यातलं काय जमतं? रोममध्ये मुक्काम आणि हाताशी एकच दिवस.

पाणवठा
@गोधडी, मग वाल द'ओर्चा सोडा. बस आहेत, पण दिवसाला मोजक्या, त्यातही रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत आणखी कमी. परतीची चुकली की बसलात गावात. वितेर्बो करा. रोमा ओस्तिएन्सेहून एफएल३ ची लोकल, साधारण दोन तास. पोर्ता रोमानाला उतरा. सान पेल्लेग्रीनो ही जुनी वस्ती तिथून चालत जवळ आहे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्या. खिशात तिकीट आणि छाप नाही, तर दंड होतो.

झरे गावाच्या पश्चिमेला, तीनेक किलोमीटरवर. 'तेर्मे देई पापी'मध्ये २००० चौरस मीटरपेक्षा मोठा उघडा तलाव आहे, तिकीट लागतं, आठवडी सुट्टीचा वार आधी बघून घ्या. शेजारच्या माळावर बुलिकामे. मूळ उगम ५८ अंशाचा, त्याला कुंपण आहे आणि ते योग्यच आहे. बाजूच्या दोन डबक्यांत निवलेलं पाणी येतं, तिथे बसतात. फुकट. कपडे बदलायला आडोसा नाही. स्थानकावरून टॅक्सी ठरवताना परतीची वेळही तेव्हाच ठरवा, माळावर टॅक्सी मिळत नाही.

अर्धा_इतिहास
वितेर्बोला गेलात तर पोपांचा वाडा चुकवू नका. १२६८ मध्ये पोप वारला आणि नवा निवडायला कार्डिनल (पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू) इथे जमले. निवड झाली १२७१ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं! गावकऱ्यांनी आधी त्यांना कोंडलं, मग जेवण तोडलं, शेवटी छप्पर उतरवलं असं सांगतात. त्यातून दहावा ग्रेगरी निवडला गेला आणि त्याने पुढे कार्डिनलांना बंद दाराआड बसवायचा नियमच केला. वाड्याची सज्जावजा कमानी ओसरी बाहेरून फुकट दिसते, सभागृहाला तिकीट.

आता सान काश्चानो देई बान्यी, जे धागालेखकाने गाळलंय. टस्कनीच्या दक्षिण सीमेजवळ, डोंगरावर. २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं की इथल्या प्राचीन कुंडाच्या चिखलातून वीसहून अधिक ब्राँझ पुतळे आणि हजारो नाणी निघाली. इ.स.पू. २ रं शतक ते इ.स. १ लं शतक एवढा काळ. लेख एत्रुस्कन (रोमच्या आधीपासून इथे राहणाऱ्या लोकांची भाषा) आणि लॅटिन, दोन्ही भाषांत. रोम आणि एत्रुस्कन शहरं एकमेकांशी लढत होती त्याच काळात या कुंडावर दोन्हीकडचे लोक नवस फेडत होते. हात, पाय, कान, आतडी यांच्या धातूच्या प्रतिकृती वाहिलेल्या आहेत, जो अवयव दुखतो तो. आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे वाहतात, तसंच. गरम चिखलात प्राणवायू पोचला नाही म्हणून ब्राँझ टिकलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, ख्रिस्ती धर्म पक्का झाल्यावर, कुंड खांब आडवे टाकून बुजवलं. फोडलं नाही, झाकलं. म्हणून आज हाती लागलं.

उत्खननाजवळच गावाच्या खालच्या अंगाला दोन उघड्या दगडी टाक्या आहेत, अजूनही लोक बसतात, तिकीट नाही. पाणी चाळिशीच्या आसपास. आठदहा माणसांत टाकी भरते. उतरताना दहा मिनिटं, चढताना मात्र गरम पाण्याने पाय गळालेले असतात, त्या हिशेबाने वेळ धरा.

चकलीचा_सोऱ्या
गाडीबद्दल लिहितो, कारण या भागात पैसे झऱ्यांत कमी आणि दंडात जास्त जातात.

भारतीय परवाना असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आरटीओतून निघायच्या आधी काढायचं. मूळ परवानाही सोबत हवा. परमिटशिवाय काही कंपन्या गाडी देतातही, पण पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला की प्रकरण तुमच्यावर येतं. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं हवं, डेबिट बहुतेक ठिकाणी चालत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर महिना-दीड महिना आधी सांगा. स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, पहिल्या दिवशी डोंगरात नको.

झेडटीएल: जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, वर कॅमेरा. 'वार्को आत्तीवो' म्हणजे फाटक चालू, शिरू नका. 'वार्को नोन आत्तीवो' म्हणजे आत्ता मोकळं. पाटीत 'आत्तीवो' दिसलं की लोक 'ॲक्टिव्ह, म्हणजे उघडं' असं समजून शिरतात. नेमकं उलटं आहे. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा. दंडाची नोटीस परदेशी पत्त्यावर ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते आणि गाडीवाली कंपनी तुमचं नाव कळवण्याचे पैसे वेगळे कापते. ते पैसे म्हणजे दंड भरला असं नव्हे. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरली तर ३० टक्के सूट.

पार्किंग: पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव. पांढऱ्यातही पाटीवर घड्याळाचं चित्र असेल तर काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी चकती ठेवावी लागते. ती बहुधा गाडीतच असते.

टोल: ए-१ महामार्गाला शिरताना चिठ्ठी घ्या. बाहेर पडताना पांढरी पाटी रोख, निळी कार्ड, पिवळी तेलेपास (गाडीत टोलचं यंत्र बसवलेल्यांसाठी). पिवळीत घुसलात तर रिव्हर्स अजिबात नाही. मदतीचं बटण दाबा, पावती निघेल, ती १५ दिवसांत भरा.

पेट्रोल: 'बेंझिना' पेट्रोल, 'गासोलिओ' डिझेल. 'सेर्वितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो, 'सेल्फ'ला आपण भरायचं. रात्री आणि दुपारी मशीनला कार्ड दिलंत तर शंभरेक युरो अडवून ठेवते, खरी रक्कम वळती होऊन उरलेले काही दिवसांनी सुटतात. कार्डाची मर्यादा कमी असेल तर नोटा बाळगा.

खारे_शेंगदाणे
+१. एक राहिलं. सातुर्नियाच्या पार्किंगमध्ये गाडीत काही म्हणजे काही दिसेल असं ठेवू नका. सगळे पाण्यात असतात आणि पाण्यातल्या माणसाच्या खिशात पासपोर्ट नसतो, हे चोरालाही ठाऊक आहे. सामान मुक्कामावर टाकूनच या. तिथे पोचून डिकी उघडून बॅगा खालीवर करू नका. कडी-कुलपाचे लॉकर कुंडापाशी नाहीत.

निळीशाई
गंधकाच्या पाण्यात दागिने काळे पडतात ना? मंगळसूत्र, जोडवी काढावी का?

रसायनवाली
@निळीशाई, सोन्याला काही होत नाही, पण कमी कॅरेटच्या सोन्यात तांबं-चांदी जास्त, ते झाकोळतं. चांदी मात्र नक्की काळी पडते. पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. जोडवी, पैंजण, चांदीचं कडं मुक्कामावर ठेवा. पर्समध्येही नको, वाससुद्धा पुरतो.

काळी पडलीच तर ब्रासो घासू नका. भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, चकचकीत बाजू वर. त्यावर जोडवी फॉइलला टेकतील अशी ठेवा, एक मोठा चमचा खायचा सोडा टाका, अर्धा लिटर उकळतं पाणी ओता. पाच मिनिटांत गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला चिकटतं. कुजक्या अंड्याचा वास येईल, तो आला म्हणजे काम होतंय. मीनाकाम किंवा चिकटवलेले खडे असतील तर हे करू नका.

पोहण्याचा पोशाख जुना आणि गडद घ्या. पांढरा पिवळा पडतो आणि वास दोनतीन धुण्यांत तरी जात नाही. आधी गार पाण्यात खळखळून काढा, मग अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकून वीस मिनिटं बुडवा, मग साबण. भाड्याच्या घरातले पांढरे टॉवेल वापरू नका, डाग पडला की पैसे मागतात.

गोधडी
उघड्या कुंडांत पूर्ण अंग झाकणारे कपडे चालतात का? आणि पायात काय?

पाणवठा
फुकटच्या ठिकाणी कुणी विचारत नाही. लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप घालणारे बरेच असतात. सुती कुर्ता मात्र नको. सातुर्नियाच्या धारेत तो फुगून ओढला जातो आणि बाहेर आल्यावर गार वाऱ्यात तासभर ओला राहतो. सशुल्क तलावांत पोहण्याचाच पोशाख लागतो, बऱ्याच ठिकाणी टोपीही सक्तीची. विचारायचा शब्द 'कुफ्फिया'. तिथे विकत मिळते, महाग.

पायात मागून बंद असलेले रबरी पाणबूट. साधी चप्पल पहिल्या धबधब्याला वाहून जाते. कुंडांच्या कडा खरबरीत, तळ शेवाळी. कडा कशा तयार होतात हे बघितलं की चालायचं कसं तेही कळतं. पाणी जमिनीखालून चुना विरघळवून आणतं, हवेत आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना बसतो. बंबात खर बसते तीच गोष्ट. जिथे पाणी कडेवरून पातळ होऊन सांडतं तिथे वायू सर्वांत जास्त उडतो, म्हणून काठच उंच होत जातो. म्हणजे काठ नवा आणि खरबरीत, मधलं बूड साठलेलं आणि निसरडं. काठ धरून, बसून सरका.

सातुर्नियाच्या तळच्या गाळात बारीक लाल अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, चावत नाहीत.

जिरेमिरे
वयस्कर मंडळींसाठी एक सूचना, जरा रागाने. '४८ अंश, मस्त वाटतं' असं लिहू नका लोकहो. ४० च्या वरच्या पाण्यात दहा मिनिटं पुरे, ३७ च्या पाण्यात वीस. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आणि माणूस उभा राहतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो. पडतो तो दगडावर. आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर सान फिलिप्पोच्या वरच्या डबक्यात पाय भाजतो आणि कळतही नाही. हात घालून बघा, तोही कोपरापर्यंत.

पाण्यात क्लोरीन नसतं. मुलांना बुडी मारू देऊ नका, नाकात पाणी नको. उघडी जखम असेल तर बाहेरच बसा. वाइन नंतर. पिण्याचं पाणी माणशी एक लिटर सोबत.

अर्धा_इतिहास
पिएन्त्साबद्दल कुणीच लिहिलं नाही! दुसरा पायस पोप इथलाच, तेव्हा गावाचं नाव कोर्सिन्यानो. १४५९ पासून वास्तुकार बेर्नार्दो रोस्सेल्लीनोला घेऊन त्याने गावाचा मध्यभाग नव्याने उभारला आणि गावाला स्वतःचं नाव दिलं. चर्चमध्ये थेट वेदीच्या मागे जा. फरशी उताराची जाणवते, भिंतीत भेगा आहेत. इमारतीचा तो भाग डोंगराच्या कडेच्या भुसभुशीत मातीवर आहे आणि बांधल्यापासून खचतोय. पोपला भरपूर उजेड हवा होता म्हणून खिडक्या मोठ्या आणि चर्च कड्यापर्यंत ओढलेलं. हौसेची किंमत अजून चालू आहे. याच पोपला संधिवाताचा त्रास, म्हणून तो पेत्रियोलोच्या झऱ्यांवर जायचा.

पेत्रियोलो आजही आहे, सिएना-ग्रोस्सेतो रस्त्याला लागून, १५ व्या शतकातल्या तटबंदीसकट. झरा ४३ अंशाचा, थेट फार्मा नदीच्या काठी. दगड सरकवून नदीचं गार पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, मिक्सर नळासारखं. तिथून सान गाल्गानोचा बिनछपराचा मठ अर्ध्या-पाऊण तासावर.

खारे_शेंगदाणे
सिएनात पाच रात्री मुक्काम करून हे सगळं करता येईल का, असा प्रश्न व्यनित (व्यक्तिगत निरोपात) आला होता. नाही. सिएना ते सातुर्निया एकेरी दोन तासांच्या आसपास, सगळी वळणं. गरम पाण्यातून निघालं की झोप येते, आणि संध्याकाळी रस्त्यावर रानडुकरं येतात. दोन मुक्काम करा: तीन रात्री सान क्वीरिको द'ओर्चा किंवा कास्तिल्योने द'ओर्चा, दोन रात्री पितिल्यानो किंवा सोवाना.

पहिला दिवस फियुमिचीनोहून (रोमचा विमानतळ) ए-१ ने, वाटेत चिविता दी बान्योरेज्यो (५ युरो, लांब पूल चालत चढायचा, चाकाची बॅग नको). दुसरा दिवस सकाळी पिएन्त्सा, दिवेलागणीला बान्यो विन्योनी. तिसरा दिवस साडेसातला सान फिलिप्पो, दुपारी झोप, संध्याकाळी सांत'आंतिमोचा मठ. चौथा दिवस सान काश्चानो करून पितिल्यानो. गाव समोरच्या मादोन्ना देल्ले ग्रात्सिए चर्चपासून दिवे लागल्यावर बघा, कडा कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं ते ओळखू येत नाही. पाचवा दिवस पहाटे सातुर्निया, मग सोवाना. सहाव्या दिवशी परतताना तार्क्विनियाची रंगवलेली थडगी. सोमवार टाळा.

चकलीचा_सोऱ्या
सोवानाला 'विए कावे' नक्की. एत्रुस्कन लोकांनी तुफा दगडात (ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड) खणलेल्या वाटा, दोन्ही बाजूंना काही ठिकाणी वीस मीटरच्या भिंती आणि रुंदी खटाऱ्याएवढी. भिंतींवर नेचे, खाली ओलं शेवाळ. पावसानंतर दगड सुटतात म्हणून काही वाटा बंद करतात, साखळी ओलांडू नका. गावाजवळच्या इल्देब्रांदा थडग्याच्या दर्शनी भागाचा एकच खांब उभा आहे, त्यावरून मूळ देवळासारखी उंची डोळ्यांपुढे येते.

निळीशाई
शाकाहारी जेवण?

जिरेमिरे
'पीची आल्ल'आल्योने': हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि मोठा सौम्य लसूण. निर्धास्त मागवा. मारेम्मातले 'तोर्तेल्ली' आत पालक-रिकोट्टाचे, पण वर मांसाचा रस्सा ओतून येतात, म्हणून 'बुर्रो ए साल्विया' (लोणी आणि सेजची पानं) असं सांगा. 'आक्वाकोत्ता' हे कांदा-टोमॅटोचं सूप, त्यात अंडं असतं. 'सेंझा कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो, वेगळं विचारा: 'सेंझा ब्रोदो दी कार्ने'. पेकोरिनो चीजमध्ये सहसा प्राणिज रेनेट (दूध फाडायचं द्रव्य) असतं, कडक पाळत असाल तर सोडा. पितिल्यानोत ज्यू बेकरीची 'स्फ्रात्तो' ही मध-अक्रोडाची काठीसारखी मिठाई घ्या. स्फ्रात्तो म्हणजे घराबाहेर काढणं. ज्यूंना घरं सोडायला लावताना दारावर काठी आपटत, त्या काठीचा आकार.

दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, पुन्हा साडेसातला उघडतं. बिलात 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचे पैसे) माणशी दोन-तीन युरो असतात, ती फसवणूक नाही.

गोधडी
अवांतर: हे सगळं वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्यासारखंच का?

रसायनवाली
पाणी खोल जाऊन तापून भेगांतून वर येतं, इथपर्यंत सारखं. कोकणात उष्णता नुसती खोलीची. आमियाता हा जुना ज्वालामुखी आहे, त्याच्याखाली जमीन अजून तापलेली. इतकी की थोड्या वायव्येला लार्देरेल्लोत १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवून दाखवले होते. आज तिथे वीजकेंद्रं आहेत, संग्रहालयही.

पाणवठा
हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी शेवटचं: अनेक कृषिघरं नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, आधी विचारा. 'तास्सा दी सोज्जोर्नो' (मुक्कामावरचा पर्यटक-कर) बहुधा रोख मागतात. आणि टॉवेलचा झगा पाण्याच्या काठावरच ठेवा, गाडीत नाही. सातुर्नियाला पाण्यापासून पार्किंगपर्यंत चालणं आहे आणि जानेवारीत पहाटे हवा शून्याजवळ असते.